आईवडील सांगत नाहीत तेव्हा

पितृपक्षात नाशिकच्या रामकुंडावर तर्पणाला बसलेल्या माणसाला गुरुजी नावं विचारतात. वडील, आजोबा, पणजोबा. आई, आजी, पणजी. मग आईच्या माहेरचे. पुष्कळ जण आजोबांच्या पुढे अडखळतात. बरोबर आलेली आत्या मग हलक्या आवाजात एखादं नाव पुरवते, आणि पन्नाशीतल्या माणसाला पहिल्यांदा कळतं की आजोबांचं आधी एक लग्न झालं होतं, किंवा वडिलांना आणखी एक भाऊ होता.

महाभारतात कर्ण आपला थोरला मुलगा होता हे कुंतीनं पांडवांना सांगितलं तेही अशाच वेळी: युद्ध संपल्यावर, गंगेकाठी मृतांना पाणी देताना. तोवर भावाच्या हातून भाऊ मारला गेला होता. युधिष्ठिराचा संताप इतका अनावर झाला की त्यानं साऱ्या स्त्रीजातीलाच शाप दिला. उशिरा कळलेल्या सत्याचा राग असा भलत्याच माणसांवर निघतो. याउलट छांदोग्य उपनिषदातल्या जबालेनं मुलाला सरळ सांगितलं, तुझं गोत्र मला ठाऊक नाही, तरुणपणी अनेकांच्या घरी सेवा करताना तू मला झालास, तू सत्यकाम जाबाल आहेस. मुलानं तेच गुरूंना सांगितलं आणि गुरूंनी त्याला शिष्य केलं.

आपल्यापैकी अनेकांच्या घरात कुंतीसारखं मौन असतं. जमीन कोणाच्या नावावर आहे, काका कशानं गेले, आपण दत्तक आहोत का, वडिलांचं दुसरं घर आहे का, बहिणीचं नाव सातबाऱ्यावरून कधी कमी झालं, या प्रश्नांना एक तर उत्तर मिळत नाही किंवा दर वेळी वेगळं मिळतं. अशा घरातल्या मुलामुलींसाठी हा लेख आहे. त्यातली मुख्य गोष्ट सुरुवातीलाच सांगतो: आपल्याला माहिती हवी आहे की कबुली, हे आधी ठरवा. माहिती बहुतेक वेळा मिळवता येते. कबुली मात्र आईवडिलांच्याच हातात असते, आणि तिच्यासाठी अडून बसलेली मुलं अनेकदा माहितीही गमावतात आणि नातंही.

आधी कारण ओळखा

लपवणाऱ्या प्रत्येक आईबापाचा हेतू वाईट नसतो. काही जण लाजेपोटी गप्प असतात. ज्या पिढीत घटस्फोट, मानसिक आजार, आत्महत्या किंवा कर्जबाजारीपणा यांमुळे मुलींची लग्नं अडत, त्या पिढीनं तोंड बंद ठेवायला शिकून घेतलं. काही जण मुलांना त्रास नको म्हणून गप्प राहतात. काहींना भीती असते की जमिनीचं सांगितलं तर उद्या मुलं भांडतील, किंवा सही घेऊन आपल्याला बाजूला सारतील. ही भीती निराधार नाही. नाशिकच्या आसपास समृद्धी महामार्गासाठी सिन्नर आणि इगतपुरी तालुक्यांत भूसंपादन झालं, द्राक्षपट्ट्यात जमिनीला भाव आला, आणि मोबदल्याच्या पैशावरून एका ताटात जेवलेली भावंडं कोर्टात उभी राहिल्याचं या लोकांनी आजूबाजूला पाहिलं आहे.

मात्र काही पालक माहितीचा वापर सत्तेसारखा करतात. थोरल्याला एक, धाकट्याला दुसरं आणि मुलीला तिसरंच सांगून सगळ्यांना आपल्याभोवती फिरत ठेवतात. इथं सहानुभूती बाळगा, पण शब्दावर विसंबू नका.

आणखी एक शक्यता विसरू नका. वय झालेल्या माणसाच्या बोलण्यात अलीकडेच विसंगती येऊ लागली असेल, तो पैशांचे हिशेब चुकत असेल, तेच तेच विचारत असेल, तर तो खोटं बोलत नसून त्याची स्मृती साथ सोडत असेल. स्मृतिभ्रंशात मेंदू रिकाम्या जागा स्वतःच रचलेल्या गोष्टींनी भरतो आणि त्या सांगणाऱ्याला त्या खऱ्याच वाटतात. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा विकार किंवा नुसतं कमी ऐकू येणं यानेही असा गोंधळ होतो, आणि यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय आहेत. म्हणून भांडण्याआधी डॉक्टरांकडे न्या.

कोणती गोष्ट तुमची, कोणती त्यांची

आईवडिलांचं सगळंच आयुष्य मुलांना माहीत असलं पाहिजे असं नाही. आईचं लग्नाआधीचं प्रेम, तिच्यावर झालेला अत्याचार, वडिलांचं स्वतःच्या कमाईचं बँक खातं या त्यांच्या गोष्टी आहेत. त्या सांगायच्या की नाही हे त्यांनीच ठरवायचं. स्वकष्टाची मालमत्ता ते हवी त्याला देऊ शकतात आणि मृत्युपत्र जिवंत असेपर्यंत कितीही वेळा बदलू शकतात.

पण तुमचा जन्म, रक्तातून येणारा आजार, वडिलोपार्जित मिळकतीतला तुमचा हिस्सा, आणि तुमच्या सहीनं किंवा नावावर झालेला कुठलाही व्यवहार ही माहिती तुमची आहे. कागद घेऊन बसा आणि आपले प्रश्न या दोन रकान्यांत लिहून काढा. बरेच प्रश्न निव्वळ कुतूहलाचे निघतात. जे उरतात त्यांच्यासाठी पुढचे मार्ग आहेत.

जमिनीबद्दल कागदाला विचारा

जमिनीच्या बाबतीत आईवडिलांशी वाद घालण्याआधी सातबारा आणि आठ-अ काढा. महाभूलेख संकेतस्थळावर गाव आणि गट क्रमांक किंवा खातेदाराचं नाव टाकून ते पाहता येतात. गट क्रमांक माहीत नसला तरी आजोबांच्या नावावरून सुरुवात करता येते. नुसता आजचा सातबारा पाहून थांबू नका. त्यावर फेरफार क्रमांक दिलेले असतात. त्या प्रत्येक फेरफाराची नक्कल मिळवा. जमीन कोणाकडून कोणाकडे गेली, वारसनोंद कधी झाली, आत्याचं नाव कोणत्या वर्षी आणि कोणत्या कारणानं कमी झालं, हे त्या नोंदीत लिहिलेलं असतं. नाशिक जिल्ह्यातले अनेक जुने सातबारे आणि फेरफार स्कॅन करून महसूल विभागाच्या ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळावर ठेवले आहेत. तिथं सापडलं नाही तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेसाठी अर्ज करा. जुन्या नोंदी मोडी लिपीत असतील तर मोडी वाचणारा जाणकार गाठा.

शहरातल्या मिळकतीसाठी भूमी अभिलेख कार्यालयातून मिळकत पत्रिका, म्हणजे आपण ज्याला प्रॉपर्टी कार्ड म्हणतो ते घ्या. खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र अशा नोंदणीकृत दस्तांचा इंडेक्स टू नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर शोधता येतो. ‘मी काही विकलं नाही’ असं वडील सांगत असतील तर इंडेक्स टू तिथं अंतिम साक्षीदार असतो.

मुलींनी काही तारखा लक्षात ठेवाव्यात. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायद्यातल्या दुरुस्तीनं एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला जन्मानंच मुलाइतका हक्क मिळाला. त्या दिवशी वडील हयात नव्हते तरी हा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात स्पष्ट केलं. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्तानं किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्यानं झालेलं वाटप मात्र कायम राहतं. म्हणून ‘तुझा काही हक्क नाही’ किंवा ‘वाटणी कधीच झाली’ असं कोणी सांगितलं, तर ती वाटणी कोणत्या दस्तानं आणि कधी झाली एवढंच विचारा.

वारसनोंद किंवा फेरफार होताना संबंधितांना नोटीस निघते आणि हरकत घ्यायला पंधरा दिवस मिळतात. गावी टपाल कोण घेतं, ते तुमच्यापर्यंत पोहोचतं का, याची खात्री करा. मुदतीत लेखी हरकत दिली तर प्रकरण तक्रारीच्या नोंदवहीत जातं आणि त्यावर सुनावणी होते. मंजूर झालेल्या नोंदीविरुद्ध प्रांताधिकाऱ्यांकडे साठ दिवसांत अपील करता येतं. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून वगळल्याचं कळल्यापासून बारा वर्षांत वाटपाचा दावा लावावा लागतो, आणि फसवून घेतलेला दस्त रद्द करायला फसवणूक कळल्यापासून तीनच वर्षं मिळतात. ‘आईबाबा असेपर्यंत नको’ म्हणून थांबणाऱ्यांनी ही कालगणना वकिलाला दाखवून मगच थांबावं.

बँकेतल्या पैशांचंही असंच आहे. वडील गेल्यावर खात्यांचा पत्ता लागत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ पोर्टलवर अनेक बँकांतल्या बेवारस ठेवी एका ठिकाणी शोधता येतात. नॉमिनी म्हणून ज्याचं नाव आहे तो मालक होतो असं घरात ठासून सांगितलं जातं. ते खरं नाही. नॉमिनी बँकेतले पैसे किंवा शेअर स्वीकारतो, मालकी वारसा कायद्यानं किंवा मृत्युपत्रानं ठरते. शेअरच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये हेच पुन्हा सांगितलं आहे.

आजार लपवला जातो तेव्हा

‘हार्ट अटॅकनं गेले’ हे आपल्याकडे अनेक मृत्यूंवर घातलेलं पांघरूण आहे. त्याखाली दारू, कर्करोग, मानसिक आजार किंवा आत्महत्या असू शकते. यातलं खरं काय ते तुमच्या डॉक्टरांना कळणं गरजेचं असतं. वडील किंवा भावाला पंचावन्नच्या आत, आई किंवा बहिणीला पासष्टच्या आत हृदयविकार झाला असेल तर तुमच्या तपासण्या लवकर सुरू होतात. आई, मावशी, आजी यांपैकी कोणाला स्तनाचा किंवा बीजांडकोशाचा कर्करोग झाला असेल, किंवा घरात आतड्याचा कर्करोग झाला असेल, तरी तसंच.

नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा, पेठ, कळवणसारख्या आदिवासी तालुक्यांतल्या कुटुंबांनी सिकलसेलबद्दल विशेष दक्ष राहावं. वाहक माणसाला बहुधा काहीच त्रास होत नाही, म्हणून लग्न जुळवताना ही गोष्ट सहज दडवली जाते. पण नवराबायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता पंचवीस टक्के असते. देशात १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे आणि सरकारी आरोग्य यंत्रणेत याची रक्ततपासणी होते. इथं आईवडिलांच्या तोंडाकडे पाहत बसायची गरजच नाही. तुम्ही आणि तुमचा जोडीदार दोघांनी तपासणी करून घेतली की उत्तर तुमच्या हातात येतं. थॅलेसेमियाचंही तसंच आहे.

आईवडिलांच्या डॉक्टरांकडे परस्पर जाऊन माहिती मागू नका. रुग्णाच्या संमतीशिवाय ती द्यायला ते बांधील नाहीत. त्याऐवजी आईवडिलांना सांगा, ‘मला डॉक्टरांनी घरचे आजार लिहून आणायला सांगितलेत. तुम्ही फक्त हो-नाही सांगा.’ लाजेनं गप्प असलेला माणूसही हो-नाही सांगतो.

जन्म, दत्तक आणि दुसरं घर

नाशिकचे कुसुमाग्रज जन्मले ते गजानन रंगनाथ शिरवाडकर म्हणून. काका वामन शिरवाडकर यांना दत्तक गेल्यावर ते विष्णु वामन झाले. त्यांच्या चरित्रात ही नोंद कोणीही वाचू शकतो आणि तिनं कोणाचं काही उणं झालेलं नाही. घरातल्या घरात दत्तक देण्याघेण्याची ही रीत आपल्याकडे जुनी आहे, तरी आज अनेक घरं तीच गोष्ट मुलापासून लपवतात.

तुम्हाला अशी शंका असेल तर जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि शाळेचं जनरल रजिस्टर पडताळून पाहा. नात्यातलं दत्तक असेल तर दत्तकपत्र नोंदणीकृत आहे का ते शोधा. दत्तक जाण्याआधी त्या मुलाच्या नावावर झालेली मिळकत दत्तकानंतरही त्याचीच राहते, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. संस्थेतून दत्तक आलेल्या व्यक्तीला अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजे काराच्या, नियमांनुसार आपल्या मुळाचा शोध घेण्यासाठी स्वतः अर्ज करता येतो. जन्मदात्यांनी ओळख गुप्त ठेवायला सांगितलं असेल तर मात्र ती त्यांच्या संमतीशिवाय उघड केली जात नाही.

वडिलांचं दुसरं घर असल्याचं कळलं तर पहिला धक्का ओसरू द्या आणि मग त्या घरातल्या मुलांचा विचार करा. त्यांचा काहीच दोष नसतो. वडिलांनी तिथं लग्न केलं असेल तर ते लग्न कायद्यात रद्द ठरलं तरी ती मुलं औरस मानली जातात, आणि आईवडिलांच्या मिळकतीत त्यांना वाटा आहे हे सर्वोच्च न्यायालयानं १ सप्टेंबर २०२३ रोजी रेवनसिद्धप्पा खटल्यात सांगितलं. त्यांना नाकारून तुमचा हिस्सा वाचत नाही, फक्त दावे वाढतात.

पिढ्यांची माहिती हवी असेल तर नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थपुरोहितांच्या वह्या पाहा. गाव आणि आडनावावरून तुमच्या घराण्याचे पुरोहित शोधता येतात. पूर्वजांनी येऊन लिहिलेली नावं, नाती आणि कधीकधी त्यांच्या हातच्या सह्या त्यात सापडतात. पण हेही ध्यानात असू द्या, की यजमानानं जे सांगितलं तेच वहीत उतरलं. ज्यांना घरानं वगळलं त्यांना वहीनंही वगळलेलं असू शकतं, आणि सुनामुलींची नावं अनेकदा नसतातच.

बोलायचं कसं

कागद हाती आल्यावर ते आईवडिलांसमोर पुरावा म्हणून आपटू नका. दिवाळीच्या जेवणात, सुना-जावयांसमोर, इस्पितळातल्या खाटेशी हा विषय काढू नका. गावी जाताना गाडीत, किंवा सकाळी चहाच्या वेळी दोघंच असताना बोला. समोरासमोर बसण्यापेक्षा शेजारी बसून बोलणं सोपं जातं.

एका वेळी एकच प्रश्न विचारा आणि तो का विचारता आहात ते आधी सांगा. ‘तुम्ही आम्हाला आयुष्यभर फसवलंत’ या वाक्यानंतर कोणीच काही सांगत नाही. त्याऐवजी असं बोलता येईल: ‘बाबा, गावच्या गटाचा सातबारा मी पाहिला. आत्याचं नाव त्यात नाही. काय झालं होतं ते मला तुमच्याकडून ऐकायचंय. मी भांडायला आलो नाही.’ किंवा ‘आई, तू मला सांगितलं नाहीस त्यामागं काही कारण असेल. आज नको वाटत असेल तर पुढच्या रविवारी सांग.’ आणि मग खरोखर थांबा. उत्तर अर्धवट आलं तरी त्याचा आदर करा. पुष्कळ माणसं मोठी गोष्ट तुकड्यातुकड्यानं सांगतात आणि पहिला तुकडा सांगून तुम्ही कसे वागता ते पाहतात.

त्यांची भीती खरी असेल तर तिला उत्तर द्या. त्यांना सांगा की माहिती दिली म्हणजे मालकी दिली असं होत नाही. सांभाळण्याच्या अटीवर मुलांना दिलेलं घर, मुलांनी सांभाळलं नाही तर ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याच्या कलम २३ खाली न्यायाधिकरणाकडून परत मिळवता येतं. हे तुमच्याच तोंडून ऐकलं की विश्वास वाढतो.

काही गोष्टी कधीच करू नका. चोरून रेकॉर्डिंग, कपाट फोडणं, त्यांच्या बँक खात्यात शिरणं, कोऱ्या कागदावर सही घेणं, नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाब विचारणं. यातल्या कशानंही सत्य मिळत नाही, आणि काही गोष्टी तर गुन्हा ठरतात.

भावंडांना वेगवेगळं सांगितलं जातं तेव्हा

जिथं पालक प्रत्येकाला वेगळी गोष्ट सांगतात, तिथं भावंडांनी आपसात एक नियम करावा: दुसऱ्याबद्दल आईबाबांकडून जे ऐकू आलं ते खरं धरायच्या आधी त्यालाच फोन करायचा. ‘दादा म्हणत होता तू पैसे मागितलेस’ हे वाक्य दादाला विचारल्याशिवाय मनात ठेवू नका. महत्त्वाचं बोलणं सगळी भावंडं असताना करा. पुण्यातली, परदेशातली व्हिडिओ कॉलवर घ्या आणि काय ठरलं ते तारखेसह लिहून सगळ्यांना पाठवा. पालकाला उघडं पाडणं हा यामागचा हेतू नाही. गोष्ट फिरवायला जागाच उरू नये एवढ्यासाठी हे करायचं.

तरीही सांगितलं नाही तर

काही आईवडील शेवटपर्यंत सांगत नाहीत. मग मामा, मावशी, आत्या, वडिलांचे जुने मित्र यांच्याकडे जा, पण त्यांचं ऐकलेलं कागदाशी ताडून पाहा, कारण त्यांचेही राग-लोभ असतात. आईवडिलांना सुचवा की आता बोलवत नसेल तर लिहून, पाकीट बंद करून ठेवा, आम्ही नंतर उघडू. अनेकांना हा मार्ग सोसवतो.

हक्कावर गदा येत असेल तर थांबू नका. नाशिकच्या जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि इतर पात्र गटांना मोफत वकील मिळतो. महिलांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. राष्ट्रीय मदतवाहिनी १५१०० वर फोन करता येतो. उघड झालेल्या सत्यानं झोप उडाली असेल, जीव द्यावासा वाटत असेल, तर टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. दावा लावणं म्हणजे आईबापाशी वैर करणं असं मानू नका. कोर्टात हिस्सा मागून घरी त्यांची औषधं आणणारी मुलं असतात, आणि ते शक्य आहे.

ज्यांनी जन्मभर लपवलं त्यांना म्हातारपणी शिक्षा करून आपलं गेलेलं काही परत येत नाही. पण त्यांचं मौन आपण पुढच्या पिढीला द्यायचं की नाही, हे आपल्या हातात आहे. म्हणून या आठवड्यात एक वही किंवा फाइल सुरू करा. आजी-आजोबांपासूनची खरी नावं आणि नाती, कोण कशानं आणि कोणत्या वयात गेलं, घरातले आजार, जमिनीचे गट क्रमांक, दस्त, खाती, विमा, कर्ज, मृत्युपत्र कुठं आहे, सगळं लिहा. ती वही कुठं ठेवली आहे ते जोडीदाराला आणि मुलांना सांगा. जे माहीत नाही तिथं ‘माहीत नाही’ असं लिहा. मुलांनी विचारण्याची वाट पाहू नका.